वीसपैकी सतरा

शाहीन,

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. प्रिन्सिपल सर कागद हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शाहीन मॅडम मुलांना मुक्तहस्ते गुण द्यायच्या." पहिल्या खेपेला 'मुक्तहस्ते' जिभेवर नीट बसलं नाही, म्हणून त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. म्हणजे एकच खोटं दोनदा बोलले. माझ्या शेजारी खेळाचे सर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन मान खाली घातली. हसू दाबायला घातलेली मान समोरून दुःखाची दिसते, ही शोकसभांची फार मोठी सोय आहे. मला हसू आलं नाही. मला त्या माणसाची किळस आली.

तुझ्या फोटोला हार घातला होता, पुढं समई लावली होती. तुमच्यात हे चालतं का, हे इक्बालभाईंना कुणी विचारलं नव्हतं. तुझा नवरा म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, तिथं ते हात बांधून निमूट बसले होते. तुझ्या एकटीचा फोटो शाळेकडे नव्हताच, म्हणून स्नेहसंमेलनातल्या ग्रुप फोटोतून तुला कापून मोठं केलं होतं. तुझ्या डाव्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं राहून गेली होती. ती माझी. इतकी वर्षं इथं घसा कोरडा केलास आणि यांना तुझा एक धड फोटो काढून ठेवावासा वाटला नाही. गणवेशाच्या दुकानदाराचा मात्र आहे, ऑफिसात, फ्रेम करून.

हे सगळं तुला सांगतेय, कारण तू असतीस तर मधल्या सुट्टीत चहा घेता घेता त्या भाषणाला मार्क दिले असतेस. कशालाही मार्क द्यायची खोडच होती तुला. माझ्या पुरणपोळीलाही दिले होतेस. स्टाफरूममधल्या सगळ्या बायका 'वा, काय मऊ झालीय' करत खात होत्या आणि तू शांतपणे म्हणालीस, "वसू, चौदा. लाटलीस छान. पण जायफळ घातलंस की नुसतं दाखवलंस?" मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. पुढच्या होळीला सोळा मिळाले तेव्हा मला इतका आनंद झाला, की माझा मलाच राग आला. पन्नाशीची बाई मी, आणि पोळीचे मार्क वाढले म्हणून घरी जाऊन नवऱ्याला सांगते!

तुझा नववीचा पहिला तास मला तोंडपाठ आहे. माझा मराठीचा वर्ग भिंतीपलीकडे भरायचा आणि तुझा आवाज भिंतीला जुमानत नसे. "हा जगाचा इतिहास आहे," तू सांगायचीस. "तो आख्खा कुणालाच येत नाही, मलाही नाही. पाठ करून आणाल तर मी ऐकणार नाही. जे लिहाल ते कुठं वाचलं ते सांगायचं. माझं पटलं नाही तर हात वर करायचा, त्याचा मार्क कापत नाही मी. आणि वीसपैकी वीस माझ्याकडे नाहीत. मागू नका." मुलं हसायची. त्यांना वाटायचं, पहिल्या दिवसाचा रुबाब आहे, दिवाळीपर्यंत उतरेल. मग पहिल्या चाचणीचे पेपर हातात पडायचे. नऊ, अकरा, साडेबारा. खाली हिरव्या शाईत चार-चार ओळी. 'राजाला तू मूर्ख म्हटलंस. तो मूर्ख होता की कर्जात बुडालेला होता? दोन्ही असेल तर दोन्ही सिद्ध कर. परत लिहून आण, मार्क वाढवीन.' कोण परत लिहून आणणार? पण आणायची काही पोरं. तुझ्या टेबलापुढं सुट्टीत रांग असायची आणि माझ्या टेबलापुढं कुणी नसायचं, कारण मी सगळ्यांना एकोणीस द्यायची.

ह्यावरून आपण किती भांडलो! वीस मार्क शाळेच्या हातातले, ऐंशी परीक्षेचे. ह्या विसांचं काय होतं ते शहरातल्या प्रत्येक शाळेला ठाऊक आहे. मूल प्रोजेक्ट आणतं, शिक्षक कव्हर बघतो, एकोणीस लिहितो, सही ठोकतो. समोरच्या स्टेशनरीत तयार प्रोजेक्ट टांगलेले असतात. थर्माकोलचा बॅस्टिलचा तुरुंग, वर कापसाचा धूर, आत बारा रंगीत पानं. हल्ली तर दुकानातही जावं लागत नाही, मोबाइलला सांगितलं की तो पानं लिहून देतो. पोरगं न वाचता छापतं, बाई न वाचता तपासते. अख्ख्या व्यवहारात डोळ्यांची गरज कुणालाच पडत नाही. मी म्हणायची, "शाहीन, हे चलनच खोटं आहे. खोट्या नोटा वाटताना हात आखडता कशाला घ्यायचा? ने बाबा, घेऊन जा एकोणीस." हा माझा आळस नव्हता, तिरस्कार होता. अजूनही आहे.

तुला ते पटायचं नाही. शनिवारी दुपारी कन्नडला जाणाऱ्या एस.टी.त आपण शेजारी बसायचो. तू अम्मीकडे उतरणार, मी पुढं जीप धरून देवगाव रंगारीला माहेरी. तेवढ्या वाटेत पहिलं महायुद्ध परवडलं असतं, असं आपलं चालायचं. "तुझा अहंकार आहे हा," मी एकदा स्पष्टच बोलले. "तू तत्त्वं सांभाळतेस आणि किंमत पोरं भरतात. पुढं प्रवेशाला गेल्यावर अकराच का, हे कुणी विचारतं का? तिथं नुसता अकरा दिसतो."

"अकरा म्हणजे नापास नाही गं," तू म्हणालीस. "अकरा म्हणजे अजून बोल, एवढंच."

"हे तुला माहीत. पोराच्या बापाला माहीत आहे का?"

"बापाला शिकवायचा पगार नाही मिळत मला."

आपला आवाज एवढा चढला होता की तिकीट फाडता फाडता कंडक्टर थांबला. "मॅडम, नेमके कुनाचे मार्क कापले म्हनायचे?" सगळी गाडी हसली. तू त्यालाही सोडलं नाहीस. "तुमचे," म्हणालीस. "सुट्टे पैसे द्यायला नेहमी उशीर करता. बारा."

खरं सांगू? मला तू कधी कधी असह्य व्हायचीस. आपण बरोबर आहोत, ह्याची इतकी खात्री असलेली माणसं सोबतीला बरी नसतात.

मग रेवतीचं प्रकरण झालं.

दोन वर्षांपूर्वीची नववी. तू प्रोजेक्टसाठी विषय दिलास, फ्रेंच राज्यक्रांतीतला एखादा साधा माणूस घ्या, राजा नको, सेनापती नको, आणि त्याच्याबद्दल दोन पानं स्वतः लिहा. वर्गातून आले ते अर्धे थर्माकोलचे तुरुंग आणि अर्धी मोबाइलनं लिहिलेली पानं. त्यातल्या सात-आठ जणांचा 'साधा माणूस' एकच होता, एकाच गल्लीत राहणारा, एकाच वाक्यात रडणारा. तू सगळ्यांना चार दिलेस. वीसपैकी चार! स्टाफरूममध्ये बायकांनी तोंडावर हात ठेवले. त्यांना मुलांची काळजी नव्हती, आपलेही प्रोजेक्ट आता कुणी उघडून बघेल ह्याची भीती होती.

दुसऱ्या दिवशी तू वर्गात सांगितलंस, "चार मार्क दुकानाचे. तुमचे अजून मी दिलेलेच नाहीत. समोर या, पाच मिनिटं बोला. मराठीत बोला, हिंदीत, उर्दूत, इंग्रजीत, जमेल तसं. मला फक्त तुम्ही ऐकू यायला पाहिजे." आठवडाभर मधल्या सुट्टीत तुझा डबा उघडला गेला नाही. मी समोर बसून माझा खायची आणि बघायची. काही पोरं आली, अडखळली, सात-आठ घेऊन गेली. काही आलीच नाहीत.

रेवती आली. बिल्डरची मुलगी. तिच्या वडिलांच्या नावाचे फलक बीड बायपासला प्रत्येक वळणावर आहेत. तिचा तुरुंग सगळ्यांत मोठा होता, आत दिवे लागणारा. ती हात पाठीमागं घेऊन उभी राहिली आणि पॅरिसच्या बाजारातल्या बायकांबद्दल बोलायला लागली. पाव मिळेना म्हणून त्या पावसात चालत राजाच्या महालावर गेल्या, ती गोष्ट. तू म्हणालीस, "म्हणजे पोटासाठी गेल्या." आणि पोरीनं हात वर केला. तुझ्यापासून दोन फुटांवर उभी असताना हात वर केला! "नाही मॅम. नुसत्या पोटासाठी असत्या तर पाव घेऊन परत आल्या असत्या. त्यांनी राजालाच सोबत आणला. त्यांना माहीत होतं त्या काय करतायत. पुस्तकात त्यांना अर्धंच पान का आहे?"

तू नाकावरचा चष्मा काढून पुसलास. मी तुला इतकी वर्षं ओळखते, वादात हरल्यावर तू चष्मा पुसतेस. मग लिहिलंस, सतरा. "तीन कुठं गेले?" तिनं विचारलं. "हे सगळं कुठं वाचलं ते सांगितलं नाहीस," तू म्हणालीस. तिनं मान हलवली आणि मिळवलेली वस्तू नेतात तसा तो सतरा घेऊन गेली.

दोन दिवसांनी केबिनमध्ये बोलावणं आलं. तू मला सोबत चल म्हणालीस. मी तमाशा बघायला आले. रेवतीचे वडील खुर्चीत, पोरगी त्यांच्या मागं उभी, प्रिन्सिपल सर अर्धे उठलेले, अर्धे बसलेले. श्रीमंत पालक समोर असला की त्या माणसाला पूर्ण बसता येत नाही.

"मॅडम," वडील म्हणाले, "बाकी सगळ्या विषयांत एकोणीस-वीस आहेत. तुमच्या इतिहासात काय असं सोनं लागलंय की सतरा?"

"आधी चार होते," तू म्हणालीस. "सतरा तिनं कमावले."

"ते तिनं काय केलं ते केलं. मला रेकॉर्डवर वीस पाहिजेत."

"मॅडम, जरा ॲडजस्ट करा," सर म्हणाले. "मोठ्या मनानं बघा. जगाचा इतिहासच आहे, गणित थोडंच आहे."

हे त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं वाक्य आहे, शाहीन. शाळा चालवतो तो.

तू म्हणालीस, "सर, मी मार्क देते. डिस्काउंट देत नाही."

तेव्हा मागून रेवती बोलली. "पप्पा, राहू द्या ना. ते सतरा माझे आहेत."

वडिलांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. "तू गप," एवढंच म्हणाले. आणि सरांनी तिच्याकडे बघून गोड हसून सांगितलं, "बेटा, तुझ्या भल्यासाठीच चाललंय सगळं."

तू उठून बाहेर आलीस. जिन्यात मला म्हणालीस, "हौ, पण पोरगी बोलली ना?" तुझा चेहरा असा फुलला होता की मी तुला हे सांगितलं नाही की तू हरली आहेस. ते तुला आठवड्यात कळलंच. मार्क कॉम्प्युटरवर भरायचे होते आणि त्याचा पासवर्ड ऑफिसकडे होता. तुझ्या वर्गात सगळ्यांना वीस पडले. रेवतीला वीस, अडखळून आठवर गेलेल्याला वीस, जो आलाच नाही त्यालाही वीस. फार थोर समता आली एका दुपारी. माणसं मारून, राजाचं डोकं उडवून फ्रान्सला जमली नाही ती आमच्या क्लार्कनं चहा प्यायच्या आत आणली.

रेवती स्टाफरूमच्या दारात आली. रडत नव्हती, चिडली होती. "मॅम, त्यांनी माझे सतरा घेतले."

मला आठवतंय, तू नुसता तिचा हात धरलास आणि दोघी उभ्या राहिलात. मला पहिल्यांदा तुझी बाजू थोडी दिसली तेव्हा. थोडीच. कारण लगेच मनात आलं, तू तिला सतरा दिलेच नसतेस तर कुणी घेतलेही नसते. पोरीला एकोणीस देऊन मोकळी झाली असतीस तर ती आनंदात घरी गेली असती आणि त्या बाजारातल्या बायका आयुष्यभर अर्ध्या पानात पडून राहिल्या असत्या. ह्यातलं काय बरं, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. तुला मी हे बोलले नाही. बोलायला हवं होतं, तू मला बारा-तेरा तरी दिले असतेस.

पुढच्या जूनमध्ये नववी तुझ्याकडून काढली. सहावी दिली आणि ग्रंथालयाचे तास. कारण विचारलंस तेव्हा सर म्हणाले, "तुमची तब्येत बघून." तब्येत ठणठणीत होती तुझी. तू सहावीलाही तसेच मार्क देत राहिलीस. छोटी पोरं रडायची, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहून आणायची. ह्या वर्षी नववीचे नवे सर दुसऱ्या शाळेत जास्त पगारावर गेले, पर्याय उरला नाही, म्हणून वर्ग तुझ्याकडे परत आला. तू मला पेढा दिलास. मी म्हटलं, "मूर्ख आहेस." तू म्हणालीस, "आहे. पण सिद्ध कर."

मग तो ताप. सुरुवातीला तू साधाच समजलीस आणि चाचणीचे पेपर तपासत बसलीस. डेंग्यू निघाला. हॉस्पिटलमध्ये मी आले तेव्हा इक्बालभाई दारातच प्लेटलेट्सचा आकडा सांगत होते, येणाऱ्या प्रत्येकाला तोच आकडा. तू उशीला टेकून बसली होतीस, ओठ सुकलेले.

"रोज सकाळी रिझल्ट लागतो माझा," म्हणालीस. "आज अठरा हजार. मी आयुष्यात कुणाला अठराच्या पुढं जाऊ दिलं नाही बघ, आता मला कुणी जाऊ देईना."

"लॅबवाल्याला सांगू का?" मी म्हटलं. "तो वीस करून देईल. आपल्या ऑफिससारखा."

तू हसलीस. हसताना दुखलं तुला. "नक्को. खोटा आकडा घेऊन मी काय करू?"

आपलं शेवटचं बोलणं हे. मग नर्सनं मला बाहेर काढलं. पोळीवरून मी दोन दिवस का रुसले होते, ते तुला सांगायचं राहिलं. त्या दिवशी एवढ्या बायका खात होत्या, पण जीभ लावून खाणारी तू एकटी होतीस. बाकीच्यांनी कौतुक केलं, तू खाल्लीस. हे मला तिथल्या तिथंच कळलं होतं आणि त्याचाच राग आला होता.

तुझा जनाजा छावणीतल्या घरातून निघाला तेव्हा आम्ही बायका आतच राहिलो. अम्मी कन्नडहून आल्या होत्या. माझा हात हातात घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या शाळेचे साहेब येऊन गेले. म्हनले, लई मायाळू होती, कधी कुनाचं मन मोडलं नाय. वसू, ते कुन्या पोरीबद्दल बोलत होते गं? माझी पोरगी अशी नव्हती. लहानपणी माझ्या सालनात मीठ कमी पडलं तर बापासमोर बोलून दाखवायची."

मी म्हटलं, "अम्मी, तुमचीच पोरगी बरोबर आहे. साहेबांची चुकीची आहे."

त्या रडता रडता हसल्या. त्या घरात तेवढा एकच क्षण मला तुझा वाटला.

आणि आता शनिवारचं राहिलेलं सांगते. भाषण संपवताना सरांनी जाहीर केलं की शाळा तुझ्या नावानं पारितोषिक ठेवणार. नववीच्या इतिहासात अंतर्गत गुण सर्वांत जास्त मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला. टाळ्या वाजल्या. संस्थेचे अध्यक्षसाहेब पुढं वाकून इक्बालभाईंचा खांदा थोपटायला लागले. मला वाटलं मी गप्प बसेन. मी नेहमी गप्पच बसते, मला ह्या लोकांशी भांडण्याइतकीही त्यांची किंमत वाटत नाही. पण टाळ्या थांबल्या आणि मी बसल्या जागेवरून विचारलं, "सर, पण सगळ्यांनाच वीस असतात. देणार कुणाला?"

सरांनी कागद उलटून बघितला, जणू मागच्या बाजूला उत्तर लिहिलं असेल. "ते... ते आपण समितीत ठरवू, मॅडम." मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "चिठ्ठ्या टाका." ह्या वेळी खेळाच्या सरांना मान खाली घालूनही भागलं नाही, ते खोकत बाहेर गेले.

इक्बालभाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच त्या दिवशी त्यांचे हात सुटले होते.

बाहेर पोर्चमध्ये रेवती उभी होती. आता ती एका कॉलेजात अकरावीला आहे, सायन्सला, वडिलांनी घातली तिथं. उगाच काही चमत्कार झालेला नाही, तुला खोटं सांगणार नाही. पण आली होती, एकटी, रिक्षानं. म्हणाली, "मॅम, कागदावर वीस आहेत. कुणी विचारलं तर मी सतराच सांगते. लोकांना वाटतं मी कमी सांगतेय." आणि मग घाईनं डोळे पुसून निघून गेली.

सोमवारी सरांनी मला बोलावून नववीचा इतिहास माझ्या गळ्यात घातला. "तात्पुरतं बघा. बी.ए.ला होता ना तुम्हाला? आणि तुम्ही, कसं सांगू, प्रॅक्टिकल आहात." शनिवारचा माझा प्रश्न ते विसरले होते, किंवा त्यांना तो विनोद वाटला होता. अशा माणसांचा अपमानही नीट करता येत नाही, तो त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

तुझे न तपासलेले पेपर कपाटात होते. रशियाच्या क्रांतीवरचे. मी ठरवलं होतं, सगळ्यांना एकोणीस टाकून संपवायचं. पहिल्यावर टाकलेही. दुसरा पेपर प्रांजल नावाच्या मुलीचा, तो मी वाचला, हीच चूक झाली. तिनं लिहिलं होतं, 'लोक खूप गरीब होते म्हणून क्रांती झाली.' मला वाचून चीड आली. गरीब कुठं नसतात? मी तेच खाली लिहिलं आणि बारा दिले. मग पहिल्यावरचे एकोणीस खोडले आणि तोही वाचायला घेतला. तुझ्याशी सहमत झाले म्हणून नाही. तसं समजू नकोस. तिरस्कारानं एकोणीस वाटणं मला अजूनही बरोबर वाटतं. फक्त त्या दुपारी जमलं नाही.

आज प्रांजल स्टाफरूममध्ये आली, पेपर नाचवत. "मॅम, बारा? का?"

"गरीब लोक तर सगळीकडे असतात. मग क्रांती सगळीकडे का होत नाही?"

तिनं पेपर उलगडून माझी ओळ पुन्हा वाचली. मला वाटलं आता रडेल, मग मी मार्क वाढवीन आणि चहा घेईन. ती म्हणाली, "हां. मग तिथंच का झाली, मॅम?"

मला येत नव्हतं. युद्ध, भूक, झार, असं काहीतरी बोलायला लागले आणि माझं मलाच ऐकू आलं की हे दुकानातलं उत्तर आहे. मी थांबले. "उद्या सांगते," म्हटलं.

"नक्की, मॅम. तुम्हाला पण नसेल माहीत तर कुणाला तरी विचारून सांगा."

मी हो म्हटलं. ती पेपर घेऊन गेली. शाहीन, आता कुणाला विचारू?